आभाळातल्या दोऱ्या

फोटो लॅबमध्ये त्यांना सगळे आभाळकाका म्हणायचे. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच सांगता येणार नाही, पण त्यांना ते चांगलंच चिकटलं होतं. फोटोत नवरा-नवरी असोत, नव्या कारखान्याची इमारत असो, नाहीतर सहलीला जाऊन एकमेकांवर वैतागलेलं कुटुंब असो, काकांची नजर माणसांवर जायचीच नाही. ती आधी वर जायची, मागच्या आभाळावर. तिथे पट्टे दिसले की काकांचं तोंड कडू व्हायचं.

पट्टे म्हणजे काय, हे काका कुणालाही समजावून सांगत, त्याने विचारलेलं नसलं तरी. खरं आभाळ वर गडद निळं असतं आणि खाली येता येता फिकं होत जातं, पण ते नेमकं कुठे फिकं झालं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. कॉम्प्युटरकडे मात्र निळ्याच्या छटा मोजक्याच. फोटो लहान असला की त्या एकमेकींना खेटून बसतात आणि काही कळत नाही. तोच फोटो भिंतीएवढा ताणला की एकेक छटा वीतभर रुंद होते, आणि जिथे एक संपून दुसरी सुरू होते तिथे कड दिसायला लागते. मग ते आभाळ राहत नाही, रंगाऱ्याने थर दाखवायला रंगवलेली पाटी होते.

"आणि हे होतं कशामुळे?" काका विचारत आणि उत्तरही स्वतःच देत. "हावरटपणामुळे! निळं अजून निळं करा, अजून उठवा, एकूण एक ठिपका पुसून काढा. पुसून पुसून इतकं गुळगुळीत करतात लोक, की कड झाकायला काही उरतच नाही."

त्यांचे नियम ठरलेले होते. कॅमेऱ्यातून येणारी फाईल कच्ची घ्यायची, दाबून लहान केलेली नाही. काम करायचं ते सोळा बिटांत, म्हणजे छटा भरपूर मिळतात. हात हलका ठेवायचा. तीच फाईल पुन्हा पुन्हा दाबून साठवायची नाही. आणि सगळं झालं की शेवटी आभाळावर अगदी बारीक ग्रेन भुरभुरायचा, चाळणीतून पीठ पाडावं तसा. ते दाणे डोळ्यांना दिसत नाहीत, पण कडा मोडून टाकतात. आभाळ स्वच्छ दिसायला हवं असेल तर त्यात थोडी धूळ लागते, असं काका म्हणत. लॅबमध्ये नवीन लागलेल्या प्रत्येकाने हे वाक्य इतक्या वेळा ऐकलेलं असे, की काकांनी तोंड उघडलं की बाकीचे चहाला उठत.

घरी तर याचा जाचच होता. टीव्हीवर सिनेमा ऐन रंगात आलेला असावा, नायिका डोळ्यांत पाणी आणून काहीतरी सांगत असावी, आणि काकांनी मध्येच पुढे वाकून म्हणावं, "ते बघ, तिच्या डोक्यामागे. बघ कसे ढळढळीत पट्टे!" मुलगी घरात होती तोवर ती उशी फेकून मारायची. "बाबांना नायक मेला तरी चालतो, मागचं आभाळ तेवढं नीट पाहिजे," असं ती आल्यागेल्याला सांगायची. पुढे ती नोकरीला दुसऱ्या गावी गेली आणि उशी फेकायचं काम काकूंवर आलं.

काकू एका मोठ्या वसतिगृहाच्या धुलाईखात्यात होत्या. चादरी, अभ्रे, टॉवेल, रोजचा डोंगर. राहायला जागाही त्याच इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि जिना चढला की गच्ची. गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काकूंच्या दोऱ्या. कुठल्या दोरीला किती झोळ पडतो, कुठली ओलं वजन पेलते, कुठल्या बाजूने वारा येतो, हे सगळं त्यांना डोळे मिटून ठाऊक. लग्नानंतर काका पहिल्यांदा गच्चीवर गेले ते बायकोला मदत करायला नव्हे. वरून आभाळ किती मोकळं दिसतं ते बघायला गेले, आणि दोऱ्या आड येतात म्हणून चिडून खाली आले.

मुलगी रांगत होती त्या दिवसांतली गोष्ट. काकांनी नवा कॅमेरा घेतला होता, छोटासाच. एकदा दुपारी वादळी हवा निवळली आणि आभाळ असं काही उघडलं, की काका कॅमेरा घेऊन दोन दोन पायऱ्या ओलांडत वर धावले. वर पाहतात तर गच्चीभर ओल्या चादरी. काकू खाली मुलीला भरवत होत्या. त्यांना हाक मारायची, विचारायचं, एवढा धीर कुठला! काकांनी चादरी भराभरा ओढल्या आणि बादलीत कोंबल्या. बादलीत मावल्या नाहीत त्या तिथेच जमिनीवर, वादळाने आणलेल्या मातीत टाकल्या. फोटो काढला. सुंदर आला. काकूंना सगळ्या चादरी पुन्हा धुवाव्या लागल्या, आणि वरून वॉर्डनबाईंची बोलणी खावी लागली ती वेगळीच. काकू कितीतरी दिवस मोजकंच बोलत होत्या. काका मात्र आल्यागेल्याला फोटो दाखवत होते. माफी मागायची त्यांना सुचलंच नाही, आणि नंतर सुचलं तेव्हा विषय फार जुना झाला होता.

पुढे लॅबमध्ये मागून दिवा लावायच्या फिल्मवर छापणारं मोठं मशीन आलं. जवळच्या रेडिएशन सेंटरने उपचाराच्या खोलीत छताला लावायला आभाळ मागितलं. पेशंट उताणे पडलेले असतात, त्यांना वर पांढरं छत बघावं लागू नये म्हणून. लॅबच्या मालकीणबाईंनी काम काकांना दिलं आणि काकांनी तोच गच्चीवरचा फोटो बाहेर काढला. छोट्या कॅमेऱ्यातली दाबलेली फाईल होती. वर दोऱ्या होत्या, त्या त्यांनी एक एक करून पुसल्या. पुसल्याच्या खुणा राहिल्या म्हणून अख्खं आभाळ गुळगुळीत केलं. मग ते मिळमिळीत वाटलं म्हणून निळं उठवलं. थोडक्यात, पुढे आयुष्यभर ज्याच्या नावाने बोटं मोडली ते सगळं काकांनी तिथे करून ठेवलं. मागून दिवा लागला आणि छतभर पट्टे उमटले. सेंटरवाले खूश होते, मालकीणबाईही खूश होत्या. काका त्या रात्री जेवले नाहीत. त्यांचे सगळे नियम तिथून सुरू झाले, पण हे लॅबमध्ये कुणाला माहीत नव्हतं आणि घरी तर मुळीच नाही.

ते सेंटर पुन्हा दृष्टीस पडू नये म्हणून काका लांबच्या रस्त्याने जात असत. पण काकूंच्या कानाखाली गाठ आली. ती काढली, तपासली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता काही आठवडे रेडिएशन, रविवार सोडून रोज.

"एक गोष्ट लक्षात ठेवा," डॉक्टर म्हणाले. "मध्ये खंड पडता कामा नये. खंड पडला की केलेलं पाण्यात जातं. आणि मशीन चालू असताना मान तसूभरही हलायला नको."

मान हलू नये म्हणून मास्क. प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावर गरम गरम बसवून तिचा साचा घेतात, आणि मग रोज तोच साचा तोंडावर ठेवून टेबलाला पक्का करतात. जाळीतून दिसतं, श्वासही घेता येतो, पण तोंड उघडता येत नाही. हातात रबराचा चेंडू देतात. तो दाबला की बाहेर घंटी वाजते आणि मशीन थांबतं.

पहिल्या दिवशी काकूंनी मशीन सुरू व्हायच्या आधीच चेंडू दाबला. पुन्हा बसवलं, पुन्हा दाबला. शेवटी कसंबसं उरकलं आणि काकू बाहेर आल्या. चेहऱ्यावर जाळीचे चौकोन उठले होते.

"मला नाही जमायचं हो," त्या म्हणाल्या. "जिवंतपणी कुणीतरी झाकण लावल्यासारखं वाटतं."

"होईल सवय," काका म्हणाले. असल्या वेळी नवरे हेच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मशीनवरच्या टेक्निशियन मुलीने काकांना आत बोलावलं. "मास्क लावेपर्यंत काकूंचा हात धरून थांबा, काका. बरं वाटेल त्यांना." काका आत गेले, हात धरला, आणि बायकोकडे बघायचं सोडून सवयीने वर बघितलं. अख्ख्या छतावर त्यांचे पट्टे होते, खालच्या फिक्या कडेपासून वरच्या गडद निळ्यापर्यंत, एकावर एक. इतक्या वर्षांत कुणी बदललेच नव्हते. पट्टे पूर्वीपेक्षा जास्तच ढळढळीत दिसत होते, कारण फिल्मचा रंग थोडा उतरला होता. मुलगी म्हणाली, "काका, हात सोडा आता," तेव्हा कुठे ते भानावर आले.

त्या दिवसापासून चमत्कार झाला. काकूंनी चेंडू दाबणं बंद केलं. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, सबंध आठवडा घंटी वाजली नाही. टेक्निशियन मुलगी कौतुकाने म्हणाली, "काकू आता अगदी शांत पडून असतात. मला वाटतं झोपतातच."

"कसं जमवलंस गं?" काकांनी घरी जाताना विचारलं.

"वर बघते," काकू म्हणाल्या.

एखाद्या शहाण्या माणसाने इथे पुढचा प्रश्न विचारला असता. काकांनी विचारला नाही. 'वर बघते' एवढं ऐकूनच त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायको आजारी, जाळीत जखडलेली, आणि रोज तिला बघायला मिळतं काय, तर नवऱ्याच्या हातून झालेलं सगळ्यात भिकार काम! त्यांनी मनाशी ठरवलं की हिला असं आभाळ द्यायचं, की ती टेबलावर आहे हेच विसरेल. आणि सांगायचं नाही. अचानक दाखवायचं.

मग काका कामाला लागले. पहाटे उठून लॅबच्या गच्चीवर गेले आणि एकही तार, एकही पक्षी, एकही ढगाचा ठिपका नसलेलं आभाळ टिपून आणलं, कच्च्या फाईलमध्ये. सोळा बिटांत उघडलं. हात इतका हलका ठेवला की मालकीणबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही काही करताय की नुसते बघताय?" शेवटी ग्रेन भुरभुरला. नमुन्याची पट्टी दिव्यावर धरली. निळं कुठे फिकं होतं ते काकांना स्वतःलाही बोट ठेवून दाखवता येईना. असं आभाळ त्यांनी जन्मात केलं नव्हतं. घरी त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. आठवडाभर नुसते गालातल्या गालात हसत होते, आणि काकूंना वाटलं की आपल्याला धीर यावा म्हणून हसतायत.

सेंटरने आनंदाने परवानगी दिली. रविवारी काकांनी जुनी फिल्म छतावरून उतरवली आणि नवी चढवली. जुनीचे त्यांनी लॅबमध्ये आणून कटरने तुकडे तुकडे केले. कात्रणं भरून ठेवतात त्या पिंपात ते टाकले आणि वरून पाय देऊन दाबले. इतका आनंद त्यांना मुलीच्या निकालाच्या दिवशीही झाला नसेल.

सोमवारी सकाळी काका बाहेरच्या बाकावर बसले आणि काकू बाहेर येऊन काय म्हणतील याची मनातल्या मनात उजळणी करू लागले. दारावरचा लाल दिवा लागला. मशीन सुरू झालं की तो लागतो. मग घंटी वाजली आणि दिवा विझला. टेक्निशियन मुलगी आत धावली, बाहेर आली. दिवा लागला. पुन्हा घंटी. पुन्हा लागला, पुन्हा घंटी. थोड्या वेळाने काकू बाहेर आल्या, मुलीचा हात धरून.

"आजचं अर्धंच झालं," मुलगी हळूच काकांना म्हणाली. "काय झालं कळत नाही. इतकं छान चाललं होतं. संध्याकाळी शेवटच्या पेशंटनंतर पुन्हा बघू या, पण आज पूर्ण व्हायला हवं, काका. नाहीतर मला डॉक्टरांना सांगावं लागेल."

काकू बाकावर बसल्या. "मी संध्याकाळी येणार नाही," त्या म्हणाल्या. "उद्याही नाही. पुरे झालं."

"अगं, असं काय करतेस? इतके दिवस तर सगळं नीट चाललं होतं."

"तेव्हा दोऱ्या होत्या."

"कसल्या दोऱ्या?"

काकूंनी मान फिरवली. "सांगितलं तर हसाल."

"नाही हसत."

"वर ते आभाळ होतं ना, त्यात आडव्या दोऱ्या होत्या. म्हणजे दोऱ्या नव्हेत, पण तशा रेघा. इकडून तिकडे. एकावर एक. मी त्यांच्यावर कपडे वाळत घालायचे." काकू बोलायला लागल्या तशा सावरत गेल्या. "मास्क लावला की मी बादली घ्यायचे. खालच्या दोरीवर मोजे आणि हातरुमाल, ते हलके. तिच्या वरच्या दोरीवर टॉवेल. मग अभ्रे. मग आपल्या पोरीचे सगळे फ्रॉक, तो पिवळा होता बघा, लेस फाटलेला, तोसुद्धा. एकेक पिळायचा, झटकायचा, घालायचा, चिमटा लावायचा. घाई नाही करायची. फ्रॉक होईपर्यंत मशीन थांबायचं. चादरी रोज राहायच्या, सगळ्यात वरची दोरी रिकामीच. म्हटलं राहू दे, चादरी उद्या. उद्यासाठी काहीतरी राहिलेलं बरं असतं." त्या थांबल्या. "आज वर बघितलं तर काही नाही. नुसतं निळं. कुणीतरी दोऱ्याच काढून टाकल्या. हातात ओले कपडे घेऊन मी नुसती उभी. घालू कुठे? आणि मग ते झाकण जाणवायला लागलं."

काका हसले नाहीत.

"मीच काढल्या," ते म्हणाले.

"काय?"

"ते आभाळ मीच बदललं. काल. जुनंही माझंच होतं. ते पट्टे होते गं, खराब काम होतं. तुला चांगलं आभाळ मिळावं म्हणून..."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

"मला एका शब्दाने विचारलंत?" त्या म्हणाल्या. "नाही. विचारायची रीतच नाही तुमच्याकडे. तेव्हाही नव्हती."

'तेव्हा' म्हणजे केव्हा, हे काकांना विचारावं लागलं नाही. बाकावर बसल्या बसल्या त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. समोरचे पेशंट मान वळवून दुसरीकडे बघू लागले.

काकूंनी त्यांना आपला रुमाल दिला. "रडून दोऱ्या बांधल्या जाणारेत का?" त्या म्हणाल्या. "कुठे आहे ते जुनं?"

जुनं पिंपात होतं, तुकडे होऊन. लॅबमधली त्याची फाईल ज्या डिस्कवर होती ती कधीच बंद पडली होती. काका काकूंना घेऊन थेट लॅबमध्ये गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण काकू नवऱ्याच्या खुर्चीजवळ पहिल्यांदाच बसत होत्या. मालकीणबाईंनी काय ते ओळखलं आणि मोठं मशीन मोकळं करून ठेवलं.

काकांनी आपलं कालचं सुंदर आभाळ उघडलं आणि त्याची वाट लावायला घेतली. आठ बिटांत आणलं. ग्रेन पुसला. निळं ओढून ओढून उठवलं. दाबून साठवलं, उघडलं, पुन्हा दाबून साठवलं. पलीकडे बसलेला प्रत्येकजण मान उंचावून बघत होता, कारण आभाळकाका भर दुपारी शुद्धीवर असताना हे करत आहेत यावर कुणाचा विश्वास बसेना. पट्टे आले. पण ते पट्टे आपल्याला हवे तसे थोडेच येतात! कुठे चार एकदम, कुठे मधेच तुटलेले.

"ही अशी नव्हती," काकू स्क्रीनवर बोट ठेवून सांगत होत्या. "ती लांब होती, डावीकडे जरा झोळ खायची. आणि ही फारच वर गेली, हात नाही पोचायचा."

काकांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाले, "थांब. मूळ फोटो आहे माझ्याकडे. त्यावरूनच करू."

मूळ फोटो त्यांनी कधीच हरवू दिला नव्हता. नवा फोन आला की त्यात, नवा कॉम्प्युटर आला की त्यात, तो त्यांच्याबरोबर फिरत आलेला. त्यांनी तो उघडला.

काकू पुढे वाकल्या. स्क्रीनवर वादळानंतरचं आभाळ होतं, वर गडद, खाली फिकं, आणि त्यावर आडव्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोऱ्या होत्या. खऱ्या. थोड्या झोळ पडलेल्या, गाठी मारलेल्या. एका दोरीवर घाईत राहून गेलेले चिमटे होते. खालच्या कोपऱ्यात बादलीची कड दिसत होती, आणि तिच्यातून बाहेर लोंबणारं चादरीचं टोक.

"ही आपली गच्ची," काकू म्हणाल्या.

"हो."

"हा तोच दिवस."

"हो."

मग काकूंनी विचारलं, "या दोऱ्या पुसल्या कशाला होत्यात?"

"आड येत होत्या," काका म्हणाले.

"आता नका पुसू."

मालकीणबाई मागे येऊन उभ्या होत्या. "काका, दवाखान्याच्या छताला कपडे वाळत घालायच्या दोऱ्या? सेंटरवाले काय म्हणतील?"

"सेंटरवाले झोपणारेत का तिथे? झोपणार ही," काका म्हणाले.

मग त्यांनी तो फोटो हातात घेतला. छोट्या कॅमेऱ्यातला, दाबलेला, कुरकुरत ताणला जाणारा. सोळा बिटांत नेला. निळ्याला हात लावला नाही. दोऱ्यांच्या आसपास तर फिरकलेसुद्धा नाहीत. शेवटी नेहमीपेक्षा थोडा जास्त ग्रेन भुरभुरला. बादलीची कड काकूंनी ठेवायला सांगितली, तीही ठेवली. पट्टा एकही नव्हता.

संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर काकांनी शिडीवर चढून फिल्म बसवली. टेक्निशियन मुलीने वर बघितलं, काकांकडे बघितलं, आणि मास्क आणायला गेली. दारावरचा लाल दिवा लागला. काका बाकावर बसायचं विसरून दारासमोरच उभे राहिले. दिवा लागलेलाच राहिला, राहिला, आणि मग आपणहून विझला. घंटी वाजली नाही.

काकू बाहेर आल्या, गालांवर जाळीचे चौकोन घेऊन. "टॉवेल झाले, अभ्रे झाले, फ्रॉक झाले," त्या म्हणाल्या.

"चादरी?"

"चादरी राहिल्या."

पुढचे आठवडे सोपे गेले असं कुणी म्हणू नये. कानाखालची कातडी भाजून काळी पडली, तोंडाची चव गेली, भात मातीसारखा लागायला लागला. काकूंची चिडचिड व्हायची आणि काका निमूट ऐकून घ्यायचे, जे त्यांना आधी कधी जमलं नव्हतं. पण एकही दिवस चुकला नाही. सेंटरवाल्यांनी दोऱ्यांबद्दल तक्रार केली नाही. एका म्हाताऱ्या पेशंटला त्या विजेच्या तारा वाटल्या, आणि पक्षी कधी येऊन बसतात याची तो रोज वाट बघत पडून राहायचा, असं टेक्निशियन मुलगी सांगायची.

शेवटच्या दिवशी टेक्निशियन मुलीने मास्क काकूंच्या हातात दिला. "घरी न्या, काकू. काही लोक त्यात फुलझाडं लावतात."

"मी बटाटे ठेवीन," काकू म्हणाल्या. "हवा लागते." मग त्या काकांकडे वळल्या. "तुम्ही झोपा जरा तिथे."

"मी? कशाला?"

"झोपा म्हणते ना."

मुलगी हसून बाजूला झाली. काका बूट काढून टेबलावर उताणे पडले. टेबल कडक होतं आणि गार होतं. वर दिवा लागला होता. काकांनी सवयीने आधी कडा शोधल्या. नव्हत्या. मग त्यांना दोऱ्या दिसल्या. इथून, खालून, पडून बघताना त्या फार उंच वाटत नव्हत्या. कोपऱ्यात बादली होती, आणि तिच्या कडेवरून लोंबणारं ते टोक.

काकू टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "काय घालताय वाळत?"

"चादरी," ते म्हणाले. "त्या दिवशी मी मातीत टाकल्या त्या. चुकलं माझं तेव्हा."

काकूंनी वर बघितलं, वरच्या रिकाम्या दोरीकडे.

"नीट झटकून घाला," त्या म्हणाल्या. "नाहीतर चुण्या पडतात."